पुतळ्यांच्या माळेच्या डबीतली सुपारी

माझ्या नोकरीतल्या मोठमोठ्या गुन्ह्यांचे तपशील आता पुसट होत चाललेत. नावं तर केव्हाच गेली. पण भांडुपच्या टेकडीवरच्या चाळीतली एक पत्र्याची डबी अजून जशीच्या तशी दिसते. त्यात एक सुपारी होती. त्या सुपारीने केस सोडवली, म्हणून आज हे लिहितोय.

आधी त्या घराबद्दल सांगतो. दोन खोल्या, वर सिमेंटचे पत्रे. घरातला कर्ता माणूस कांजूरच्या बाजूला एका कारखान्यात लेथवर होता. मूळ मालवणकडचा. वडील गिरणीत, हा कारखान्यात. कारखाना बंद पडला, हिशेब निम्माअर्धा मिळाला आणि पाठोपाठ याच्या हृदयाचं ऑपरेशन निघालं. ते पतपेढीच्या कर्जावर झालं. जामीन राहिला कारखान्यातलाच एक जुना सोबती. माणूस वाचला, पण हप्ते थकले आणि पतपेढीने नोटीस काढली ती जामीनदाराच्या घरी. ज्याने मैत्रीखातर सही केली, त्याच्या दारात वसुलीची माणसं उभी राहिली. कर्जापेक्षा ही शरम घरातल्या कर्त्याला जास्त खात होती. दूध आणायला जायचं असलं तरी तो सोबत्याच्या बिल्डिंगवरून न जाता लांबून वळसा घालून जायचा.

घरात सोनं म्हणावं असं एकच, पुतळ्यांची माळ. सासूने सुनेला लग्नात घातलेली. वर्षातून एकदा, गौरीच्या गळ्यात घालायला निघायची आणि पुन्हा डबीत जायची. बायकोने स्वतः ती कधी अंगावर घातली नव्हती. नवऱ्याने ठरवलं, माळ विकायची आणि सोबत्याला मोकळं करायचं. कपाट उघडलं, डबी काढली, तर माळ गायब.

तेव्हा मी त्या भागातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्ह्यांच्या तपासाचं काम बघत होतो. सकाळी ठाणे अंमलदारासमोर हा माणूस येऊन बसला आणि रडायलाच लागला. "साहेब, गौरीचं सोनं गेलं. आता मी मित्राला तोंड काय दाखवू?" फिर्याद घेतली, गुन्हा दाखल केला आणि दोन पंच घेऊन मी स्वतः पंचनाम्याला गेलो.

दाराची कडी शाबूत, कपाटाचं कुलूप शाबूत, खिडकीला जाळी. म्हणजे हात घरातलाच, नाहीतर घरात ऊठबस असलेल्या माणसाचा. मी डबी उघडली. आत लाल कापड, त्यावर एक सुपारी, चिमूटभर तांदूळ आणि सुपारीला हळदकुंकू लावलेलं. हळद चांगली पिवळीधमक होती.

"हे आधीपासून होतं का डबीत?" मी फिर्यादीला विचारलं.

"नाय साहेब. माळच असते फक्त. गेल्या गौरीला मीच तर ठेवली आत."

माझा हवालदार वाकून बघत म्हणाला, "साहेब, चोर सोवळ्यातला दिसतोय. पूजा करून गेलाय."

पंच हसले. मी म्हटलं, "हसू नका. लिहा. सुपारी एक, तांदूळ चिमूटभर, हळदकुंकू ताजं." पंचनाम्यात दिसेल ते सगळं लिहायचं, ही माझी सवय. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. रात्रशाळा आणि मग कॉलेज करून परीक्षा दिली. लिहिण्यात कधी कुणी माझी चूक काढू नये, हा माझा हट्ट असायचा आणि त्याचा मला अभिमानही आहे.

घरात बायको होती. स्वयंपाकघराच्या दारात उभी, पदर तोंडाला लावून. विचारलं तेवढ्याला मान हलवली. एकच मुलगी. ती मुलुंडला एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला, त्या वेळी ऑफिसला गेलेली. भिंतीवर तिचा एम. कॉम.च्या पदवीदानाचा फोटो होता. काळा गाऊन, हातात गुंडाळी आणि चेहऱ्याची एकच बाजू कॅमेऱ्याकडे. दुसरी बाजू वळवलेली.

माळेचा फोटो गौरीच्या आरासीतून मिळाला. हवालदाराने तो भांडुप ते मुलुंडपर्यंतच्या सगळ्या सराफांना दाखवला आणि जाताना प्रत्येकाला सांगून आला, "नंतर सापडलं तर दुकानाला कुलूप लागेल हां, शेठ." या वाक्याचा उपयोग फार होतो. दोनेक दिवसांत मुलुंडच्या एका सराफाचा फोन आला. "साहेब, ती माळ माझ्याकडे गहाण आहे. मला काय माहीत चोरीची आहे म्हणून! बाई घरंदाज वाटली."

"पावती?"

पावती नव्हती. परवानाही नव्हता. त्याचं जे करायचं ते कायद्याने वेगळं केलं. माळ मुद्देमाल म्हणून जप्त झाली.

"बाई दिसायला कशी होती?"

"तोंडाला स्कार्फ होता, साहेब. निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. फक्त डोळे दिसत होते. फार बोलली पण नाही."

फिर्यादीला ठाण्यात बोलावून मी विचारलं, "घरात निळा, पांढऱ्या ठिपक्यांचा स्कार्फ कोण बांधतं?"

त्याचा चेहरा उतरला. मग म्हणाला, "साहेब, तक्रार मागे घेता येते का?"

बाप असं विचारतो तेव्हा समजावं की उत्तर त्याला मिळालंय. स्कार्फ मुलीचा होता. ती लहान असताना पेजेचं उकळतं भांडं तिच्या अंगावर पालथं झालं होतं. डाव्या गालापासून मानेपर्यंत कातडी भाजून ओढली गेली होती. कॉलेजपासून ती स्कार्फशिवाय घराबाहेर पडली नव्हती.

महिलांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, त्यांच्या घरी जावं लागतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी महिला अंमलदाराला घेऊन टेकडीवर जायचं ठरलं होतं. त्याची गरजच पडली नाही. सकाळी मुलगी आपण होऊन ठाण्यात आली. निळा स्कार्फ बांधून.

"मी माळ घेतली," बसायच्या आधीच ती म्हणाली. "जबाब लिहून घ्या."

मी महिला अंमलदाराला शेजारी बसवलं, चहा मागवला. चहा आला, तो तिने प्यायला नाही. प्यायचा तर स्कार्फ सोडावा लागला असता.

"का घेतलीस?"

"चेहऱ्याचं ऑपरेशन करायचंय. अंधेरीला एक क्लिनिक आहे. अॅडव्हान्स भरला. बाकीचे महिनाअखेरपर्यंत भरायचेत, नाहीतर अॅडव्हान्स बुडतो."

"घरात कर्ज असताना?"

"हो. स्वार्थी आहे मी. लिहा तसं."

तीस वर्षांत मी खूप कबुल्या ऐकल्या. खरा गुन्हेगार स्वतःची बाजू हळूहळू सावरत बोलतो. परिस्थिती होती, मती फिरली, दोस्ताने भरीला घातलं. ही मुलगी स्वतःला वाईट ठरवायला निघाली होती. हे मला खटकलं.

"बरं," मी म्हटलं. "माळ कशी काढलीस ते सांग."

"कपाटाची चावी देवाच्या फोटोमागे असते. कपाट उघडलं, डबीतून माळ काढली, डबी बंद करून जागेवर ठेवली."

"डबीत काय ठेवलंस?"

ती गोंधळली. "काय ठेवणार? काही नाही."

"रिकामीच ठेवलीस?"

"हो. रिकामी."

मी पेन खाली ठेवलं. माझी आई शेजारणीचं भांडं परत करायची तेव्हा त्यात साखरेचे चार दाणे तरी घालायची. रिकामं भांडं द्यायचं नाही. आणि लक्ष्मीची डबी तर रिकामी ठेवायचीच नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या, ऑफिसात दिवसभर हिशेब मांडणाऱ्या मुलीला हे सुचणार नाही. सुचलंच असतं, तर आत्ता आठवलं असतं. सुपारीला कुंकू लावून, हात जोडून माळ उचलणारा माणूस त्या घरात एकच होता.

"बेटा, हे आईने केलंय, तुझा स्कार्फ बांधून," मी म्हटलं. "तुला कधी कळलं?"

तेव्हा तिने स्कार्फ सोडला. डोळे पुसायचे होते म्हणून, मला दाखवायला नव्हे. "आईच्या मोबाईलवर क्लिनिकचे मेसेज येतात. तिला इंग्लिश वाचता येत नाही. परवा मला म्हणाली, बघ गं कसला मेसेज आहे. बघितला तर माझंच नाव आणि 'बॅलन्स पेमेंट'. सर, तिला पकडू नका ना. ती मरून जाईल."

टेकडीवर आम्ही सगळे एकत्र बसलो. मी, महिला अंमलदार, नवरा, बायको, मुलगी. बायकोला मी एवढंच विचारलं, "काकी, सुपारी का ठेवलीत?"

तिने पदर सोडला. "मगे रिकामी कशी ठेवू, साहेबानू? ती गौरीची डबी. रिकामी ठेवूक नसता."

नवरा कपाळाला हात लावून बसला. "अगं, मी पोलिसात गेलो तेव्हा तरी बोलायचंस!"

"काय बोलू? तुमचा आपला मित्र, मित्र, मित्र. पेजेचा भांडा माझ्या हातसून पडला होता, तुमच्या नाय. तीन स्थळां इली नि चाय पिऊन गेली. माका रात्रीची झोप नाय. क्लिनिकातली पोरगी बोलली, काकी, आता नाय केलंत तर मग उशीर होतलो. मगे मी काय करू?"

"आणि तो गडी माझ्यापायी पतपेढीत हात जोडतोय, त्याचं काय?" नवरा ओरडला. "माळ विकून आधी त्याला सोडवायचा!"

"माळ विकूक देवची नाय. गहाण ठेवली ती पोरीच्या चेहऱ्यासाठी!"

दोघं असे भांडत होते, जणू माळेला दोनच टोकं आहेत आणि एकेक टोक दोघांच्या हातात. मी मध्ये पडलो नाही. घरच्या भांडणात पोलिसाने थोडं गप्प बसावं, माणसं खरं तेव्हाच बोलतात.

"मला कुणी विचारलं?" मुलगी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, तरी दोघं थांबले. "आई, मला ऑपरेशन नको असं नाहीये. हवंय. आरशात मला रोज दिसतं ते, तुम्हाला काय सांगू? पण काकांच्या दारात वसुलीवाले उभे असताना मी पट्ट्या बांधून झोपू? तो चेहरा मला आवडेल का कधी? आणि बाबा, माळ विकायची नाही. ती आजीने आईला दिलीय. आईने एकदा तरी घातलीय का गळ्यात?"

"मगे?" आई म्हणाली.

"मगे काय मगे. आधी कर्ज. पतपेढीत जाऊन सांगते, काकांचं नाव काढा, माझं घाला. माझ्या पगारातून कापा. ते संपलं की माझा चेहरा मी बघेन. माझा आहे ना तो?"

बाप म्हणाला, "बाय, तुला जमेल?"

"तुम्ही फी भरलीत तेव्हा जमेल का बघितलं होतं?"

कायद्याच्या बाजूने प्रश्न सोपा होता. माळ बायकोची, स्त्रीधन. स्वतःची वस्तू कुणी चोरत नाही. नवऱ्याने फिर्याद गैरसमजुतीने दिली होती, खोटेपणाने नाही. मी 'क' समरीचा, म्हणजे गुन्हा गैरसमजातून नोंदला गेला असा, अहवाल पाठवला आणि न्यायालयाच्या आदेशाने माळ परत केली.

राहिला क्लिनिकमधला अॅडव्हान्स. पैसा कुठे गेला हा तपासाचा भाग, म्हणून जबाब घ्यायला मी अंधेरीला गेलो. काचेचं दार, आत अत्तराचा वास, भिंतीवर आधीचे आणि नंतरचे चेहरे. मॅनेजर गोड बोलला. "सर, पॉलिसी आहे, अॅडव्हान्स रिफंड होत नाही."

"ठीक आहे. पेशंटला न तपासता, तिची संमती न घेता तिच्या आईकडून पैसे घेतले, आणि ते परत न करण्याची पॉलिसी आहे. असंच लिहू ना जबाबात?"

तो आत गेला. बाहेर आला तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी "केस टू केस" विचार करून पैसे परत द्यायचं ठरवलं होतं. मी दमदाटी केली नाही. फक्त नीट लिहिणार होतो. ते पैसे आणि गहाणाच्या पैशातली बायकोने जपून ठेवलेली बाकीची रक्कम मिळून सराफाचं देणं फिटलं.

निवृत्तीनंतर मुलुंडच्या बागेत आमचा कट्टा असतो. तिथे कुणी म्हणतं, "कर्ज डोक्यावर असताना असली थेरं हवीत कशाला?" मी त्यांना ही केस सांगतो. थेरं कोणती आणि गरज कोणती, हे बाहेरून बघून ठरवता येत नाही. ज्याचा चेहरा त्यालाच विचारावं लागतं, आणि आईबाप नेमकं तेवढंच विसरतात, तेही प्रेमापोटी. दुसरी गोष्ट तरुण अधिकाऱ्यांसाठी. चोरीत काय गेलं, हे सगळेच विचारतात. मागे काय ठेवलं, तेही विचारत जा.

त्या घरून मला गौरीच्या जेवणाचं बोलावणं येतं. पहिल्या वर्षी गेलो तेव्हा दार मुलीनेच उघडलं. चेहऱ्यावरचा डाग तसाच होता, पण स्कार्फ नव्हता. आईच्या गळ्यात पुतळ्यांची माळ होती.

"हे काय, काकी? गौरीचं काय?"

"पोरगी ऐकणा नाय. बोलली, सकाळी तू घाल, सांजेक गौरीक."

मुलीच्या वडिलांचा सोबती खाली मांडी घालून वडे खात होता. मला बघून म्हणाला, "या साहेब, या. आता मी कुणाचा जामीन नाही, पोटभर जेवतो."

पुढे काही वर्षांनी मुलीने महापालिकेच्या रुग्णालयात टप्प्याटप्प्याने ऑपरेशन करून घेतलं, स्वतः डॉक्टर निवडून आणि स्वतःचे पैसे भरून. मान आता मोकळी वळते. गालावर अजून थोडं दिसतं. तिला चालतं.

पतपेढीचं कर्ज फिटलं, माळ घरात राहिली आणि ऑपरेशन झालं. याच क्रमाने.