मोहिनीच्या केकचा खड्डा

मोहिनी बोराडेला आयुष्यात बस फारशी मिळाली नाही. नाशिकच्या बस वेळेवर येत असं कोणी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण येत. थांबत नसे ती मोहिनी. सिडकोतल्या थांब्यावर जरा वेळ उभी राहिली की तिच्या पायांना मुंग्या यायला लागत. ‘इथं नुसतं ताटकळण्यापेक्षा पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊ’ असं म्हणून ती निघे, आणि बस तिला बरोबर दोन थांब्यांच्या मधे गाठून, साडीवर धूळ उडवून, पुढे निघून जाई.

इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये ती वाढली. वडील रेल्वेतच होते. ते म्हणत, “आमची ही पोरगी म्हणजे थांबा नसलेली गाडी आहे. फलाटावरच्या लोकांनी फक्त हात हलवायचा.” पण एका जागी मात्र ही गाडी थांबायची. शेजारच्या क्वार्टरमध्ये एका गार्डाची बायको नाताळात केक करी. पत्र्याच्या डब्यात वाळू, वाळूवर भांडं, डब्याच्या खाली निखारे आणि झाकणावरही निखारे. तो वास सुटला की एरवी बुडाशी विंचू असल्यासारखी हिंडणारी मोहिनी कुंपणाला नाक लावून तासभर उभी राहायची.

लग्न होऊन ती नाशिकला आली, ती हिरामणराव बोराडे यांच्या घरी. बोराडे मूळचे पिंपळगाव बसवंतजवळच्या एका खेड्यातले. घरचा कांदा, थोडी द्राक्षं, आणि शेतीत न रमलेले हिरामणराव सातपूरच्या एका कारखान्यात. तिथे तयार झालेला माल तपासायचा, दोष दिसला की बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. माणूस इतका स्वस्थ, की सकाळी खुर्चीत ठेवला तर संध्याकाळी त्याच घडीत मिळावा. देवाने ही जोडी जमवताना एकाचा ब्रेक काढून दुसऱ्याला लावला असणार.

नाशिकला आल्यावर मोहिनीने विणकाम सुरू केलं. एका बाहीचा स्वेटर झाला. मग भरतकाम, मग पापड, मग मेणबत्त्या. प्रत्येक वेळी हिरामणराव पेपरमागून विचारत, “हे किती दिवस?” त्र्याण्णव साली तिने तो गोल ॲल्युमिनियमचा, झाकणाला काचेची खिडकी असलेला विजेचा ओव्हन आणला, तेव्हाही त्यांनी पेपर खाली न करता तेच विचारलं. पण ओव्हन टिकला. मैद्यात लोणी घालून ते चोळायला, साखर फेसायला, भांड्याला तूप फासून वर मैदा भुरभुरवायला लागली की मोहिनीच्या हातांना हवं तेवढं काम मिळे. अडचण त्याच्या पुढे होती. भांडं ओव्हनमध्ये गेल्यावर काहीही करायचं नसतं. आणि काहीही न करणं मोहिनीला येत नव्हतं.

ती झाकण उघडून बघायची. खिडकी होती, पण खिडकीवर वाफ धरायची, मग आत काय चाललंय ते कसं कळणार? एकदा उघडून बघायची, मग मगाशी नीट बघितलं नाही म्हणून पुन्हा उघडायची. दर वेळी गार वारा आत शिरायचा आणि फुगत चाललेला केक मधोमध मान टाकायचा. बाजूने उंच, मधे खड्डा.

वरच्या मजल्यावरची संध्या मोठी तोंडाळ. तिने त्या खड्ड्याचं नाव ‘गंगापूर धरण’ ठेवलं. मोहिनी खड्ड्यात साय आणि द्राक्षं भरून तो झाकायची, तर संध्या जिन्यातूनच ओरडायची, “काय गं, भरलं का धरण? सोडू का पाणी?” हिरामणराव तर सवयीने खिशातली पोलादी पट्टी काढून केकवर आडवी धरत. “मधे चार सूत खाली आहे,” ते गंभीरपणे म्हणत, आणि रिजेक्ट केलेला माल शांतपणे खाऊन टाकत.

या सगळ्याचं मोहिनीला काही वाटत नसे. तिला खुपत होती ती एकच गोष्ट. सासूबाई तिच्या हातचा केक खात नव्हत्या.

सासूबाई म्हणजे साळूबाई. मोहिनी त्यांना गावच्या रीतीप्रमाणे आत्याबाई म्हणे. गळ्यात तुळशीची माळ, स्वभाव रोखठोक, आणि सुनेवर तसा जीव. तिच्या हातची भाजी, भाकरी, मांडे, सगळं कौतुकाने खात. केक पुढे आला की ताट बाजूला सारत.

“अंडं हाय त्यात.”

“नाही हो आत्याबाई! दूध आटवून घालते मी. निकीची शपथ.”

“पोरीची शपथ घेऊ नको. अंडं नाय तर मंग फुगला कशानं?”

“सोड्यानं.”

“सोडा मी भज्यात घालते. माझं भजं फुगून एवढं झालं व्हय कधी?”

याला कारण होतं. फार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी आजारपणात साळूबाई नाशिकला आल्या असताना एका ओळखीच्या बाईने ‘दुधाचाच आहे, खा’ म्हणून त्यांच्या हातावर केकचा तुकडा ठेवला. तो छान लागला. छान लागला हेच वाईट झालं, कारण त्यात अंडं होतं हे नंतर कळलं. साळूबाईंनी उपास केले, माळ नव्याने घातली, आणि मनाशी एक गाठ मारली: जे फुगतं त्यात अंडं असतं, आणि शहरातल्या बाया खोटं बोलतात.

मोहिनी काही खोटं बोलत नव्हती. तिच्या घरात अंडं येतच नव्हतं. नेमकं तेच तिला स्वस्थ बसू देईना. केक खड्ड्याचा आहे असं म्हणा, कडक आहे म्हणा, करपलाय म्हणा. पण ‘ही मला फसवून बाटवील’ असं सासूच्या मनात आहे, हे तिला पोळीवर पोळी लाटतानाही आठवायचं, आणि पोळीचा नकाशा व्हायचा.

मग तिने खारे प्रकार काढले. उलट्या स्टीलच्या वाट्यांवर मैद्याची पारी बसवून भाजायची, आणि त्या खुसखुशीत वाटीत परतलेला कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर भरायची. याला टार्ट म्हणतात हे तिला एका मासिकातून कळलं होतं. टार्ट फुगत नाही, म्हणजे हरकत नसावी, असा तिचा हिशेब. साळूबाईंनी कांदा चाखला. “हा आपल्या वावरातलाच दिसतोय,” म्हणून सगळा मिटक्या मारत संपवला, आणि मैद्याची वाटी, भांडं घासायला ठेवावं तशी, मोरीपाशी नेऊन ठेवली.

“आत्याबाई, ती खायची असते!”

“वाटी? दात हायेत का मला? आन् रंग बघ तिचा. अंडंच फासलंय वरून.”

एका उन्हाळ्यात मोहिनीने शेवटचा उपाय केला. साळूबाई मुक्कामाला आल्या होत्या. तिने त्यांना स्वयंपाकघरात ओव्हनसमोर पाटावर बसवलं. “सगळं तुमच्या डोळ्यांदेखत करते. एकेक जिन्नस हातात घेऊन बघा.” साळूबाईंनी मैदा चिमटीत घेऊन पाहिला, दुधाचा वास घेतला, इसेन्सची बाटली उन्हात धरली. भांडं ओव्हनमध्ये गेलं. मधेच झाकण उघडलं तर सासूबाई त्याचाही संशय घेतील म्हणून मोहिनी स्वतःचे दोन्ही हात पदरात गुंडाळून, ओठ चावत बसून राहिली. तिच्या लग्नानंतरचा हा सर्वांत लांब थांबा.

आणि केक असा फुगून आला, की बाळसं धरलेलं पोर! कुठे खड्डा नाही, चीर नाही. हिरामणरावांनी पट्टी काढली आणि न लावताच परत खिशात ठेवली. मोहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“बघितलंत ना आत्याबाई? सगळं समोर केलं ना?”

साळूबाईंनी तो देखणा केक चारी बाजूंनी निरखला.

“मधी मला डुलकी लागली व्हती,” त्या म्हणाल्या. “तव्हाच घातलंस.”

त्या दिवशी मोहिनी सिडकोपासून त्र्यंबक नाक्यापर्यंत चालत गेली आणि चालत परत आली. काम काही नव्हतं.

अशी वर्षं गेली. निकी, म्हणजे लेक निकिता, कॉलेजात जायला लागली. साळूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि त्या लांबलचक मुक्कामाला नाशिकला राहिल्या. डोळा बरा झाला, नजर स्वच्छ झाली, आणि त्यांनी जाहीर केलं, “आता मी उद्या गावाला जाणार. आता परत शहरात नाय यायची. माझे हातपाय माझ्या वावरातच राहू द्या.”

साळूबाई जे बोलत ते करत. म्हणजे उद्या त्या गेल्या की तो अंड्याचा संशयही त्यांच्याबरोबर कायमचा गावाला जाणार. मोहिनी सकाळपासून घरात येरझारा घालत होती.

“तू बस बरं जरा,” हिरामणराव म्हणाले.

“बसून काय करू?”

“बसायचं. त्यात काय करायचं असतं?”

ती बसली नाही. तिने मैदा चाळायला घेतला. एक शेवटचा केक. बदामाचे काप, वेलची, घरचं तूप. भारनियमनाचे दिवस होते. वीज जायची वेळ ठरलेली होती आणि मोहिनीने ती धरूनच भांडं आत ठेवलं होतं. पण वीज कंपनीलाही त्या दिवशी मोहिनीसारख्याच मुंग्या आल्या असाव्यात. केक जेमतेम फुगायला लागला आणि वीज गेली. आधीच गेली.

“अगंबाई!” मोहिनी किंचाळली. तिने गॅसवर कुकरमध्ये वाळू तापवली, भांडं उचलून त्यात ठेवलं, ते नीट बसेना म्हणून काढलं, हलवलं, फिरवलं, परत ठेवलं, परत उघडलं. एवढी धावपळ सहन करणारा केक अजून जन्माला यायचाय. तासाभराने भांडं पालथं केलं तेव्हा थाळीत थप्पकन एक चकती पडली. नाचणीच्या भाकरीएवढी जाड आणि तितकीच आनंदी.

निकिता म्हणाली, “मम्मी, याला खड्डा नाही. हा सगळाच खड्डा आहे.”

मोहिनी ती थाळी कचऱ्याच्या डब्याकडे घेऊन निघाली, एवढ्यात साळूबाई दारात उभ्या.

“काय हाय ते?”

“केक होता, आत्याबाई.”

“ह्यो?” नव्या नजरेने साळूबाईंनी चकती निरखली. बोटाने दाबून पाहिली. मग कडेचा एक तुकडा मोडला आणि कोणाला काही कळायच्या आत तोंडात टाकला.



“लय चांगलं लागतंय,” साळूबाई म्हणाल्या. “वेलची हाय का? मंग हे का नाय करीत तू? उगा ते फुगीर करते.”

“पण... तुम्ही खाल्लात! अंडं...”

“ह्याच्यात कुठंय अंडं? अंडं असतं तर असा निजला असता व्हय? दिसतंय की.” त्यांनी दुसरा तुकडा मोडला. “आज तू माझ्यासाठी खरं केलंस बघ, पोरी. अंड्याबिगर.”

मोहिनीच्या जिभेवर सगळी वर्षं एकदम आली. आजही तेच घातलंय, नेहमी तेच घालत होते, त्या डुलकीच्या दिवशीही तेच, सगळे केक असेच खरे होते! ती बोलायला तोंड उघडते तोच सासूच्या खांद्यामागून हिरामणरावांनी मान हलवली. नुसती डावीकडून उजवीकडे. या माणसाने एवढी हालचाल केलेली तिने क्वचितच पाहिली होती. तिने तोंड मिटलं. ते मिटून ठेवायला इतकी ताकद लागली, की कानशिलं दुखली.

“अजून घ्या आत्याबाई,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साळूबाई उरलेला अर्धा केक फडक्यात बांधून गावाला गेल्या. आठवड्याने गावातून फोन आला. साळूबाई फोनमध्ये नेहमी पिंपळगावहून थेट नाशिकला ऐकू जावं अशा बोलत. “मोहिने! शेजारच्या कुसाबाईलाबी आवडला! तिचीबी माळ हाय! तसलाच अजून एक दे हिरामणसंगं! तसलाच हां!”

मोहिनीने त्याच दिवशी दुपारी कामाला हात घातला. साहित्य तेच. भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, आणि तेवढ्यात संध्या वरून आली. संध्याला ती हकिगत सांगायची राहिली होती. सासूला सांगता न आलेलं सगळंच सांगायचं होतं: डुलकी, वाट्या, कुकर, हिरामणरावांची मान. सांगता सांगता जिना आला, जिन्यातून गच्ची आली, गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडया गोळा करून झाल्या, तरी मोहिनी बोलतच होती. संध्याने धरणाचं नावसुद्धा काढलं नाही. अधूनमधून नुसतं “अरे देवा” म्हणत राहिली.

खाली आली तेव्हा घरभर वास सुटला होता. आज वीज गेली नव्हती. मोहिनीने झाकण काढलं. केक भांड्याच्या काठावर येऊन, सोनेरी, गुबगुबीत, मधे भरीव टेंगूळ घेऊन तिच्याकडे बघत होता. एवढा उंच केक तिच्या हातून आजवर झाला नव्हता.

हिरामणराव गावाला जायला तयार होऊन, पिशवी घेऊन दारात उभे होते. त्यांनी आत डोकावलं, आणि खिशाकडे गेलेला त्यांचा हात अर्ध्यावर थांबला.

मोहिनीने केक थाळीत काढला. थोडा वेळ त्याच्याभोवती फिरली. मग तिने फळीवरचं पोळपाट काढलं, केकवर पालथं घातलं, त्यावर दोन्ही तळवे ठेवले आणि टाचा उचलून सगळा भार दिला. पोळपाटाखालून उसासा टाकल्यासारखा बारीक आवाज आला.

“अगं अगं! काय करतेस? एवढा चांगला झाला होता!”

“दिसला ना तुम्हाला? मग झालं,” मोहिनी म्हणाली. “पिशवी उघडा. आणि बसस्टॉपवर उगाच रेंगाळू नका, गरम आहे तोवर पोचवा.”