उसातली तीन पिल्लं आणि माझं पत्रक

आमच्या नांदेडच्या घरात पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील सरकारी कचेरीत कारकून आणि संध्याकाळी चळवळीचे कार्यकर्ते. शिष्यवृत्ती रखडली, वस्तीचा नळ बंद पडला, कुठे अन्याय झाला, की आठवड्याच्या आत पिवळ्या नाहीतर गुलाबी कागदावर पत्रक निघायचं. मी दुसरीत असल्यापासून त्यांची प्रुफं मोठ्याने वाचून दाखवायचे. ते हातात पेन घेऊन ऐकायचे. 'विनंती' आली की खोडायचे आणि 'मागणी' लिहायचे. 'प्रयत्न करावा' आलं की विचारायचे, "करावा म्हणजे कोणी? कधी?" त्यांचा नियम एकच होता. पत्रक वाचून झालं की माणसाच्या हाताला काम मिळालं पाहिजे.

हा नियम घेऊनच मी वन्यजीवांच्या कामात आले. तेही ठरवून नाही. एम.एस्सी.ला असताना आम्ही इस्लापूरच्या बाजूच्या जंगलात अभ्यासाला गेलो होतो. तिथे मोहाची फुलं वेचायला बायका उजाडायच्या आधी निघतात आणि अस्वलंही त्याच झाडांखाली त्याच वेळी येतात. आधी कोण मागे सरतं, हे मी एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "झाड बघून ठरतंय." म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही आणि आमची गाडी निघाली. तो प्रश्न डोक्यात तसाच राहिला. घरचे स्पर्धा परीक्षेचे अर्ज भरायला सांगत होते, आत्या विचारत होती, "म्हंजे साप धरायची नोकरी का गं?" आणि मी लातूरच्या एका छोट्या संस्थेत अकरा महिन्यांच्या कंत्राटावर रुजू झाले. हुद्दा होता 'वर्तनबदल समन्वयक'. वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चळवळच ना?"

मला दिलेलं पहिलं काम पत्रकाचं होतं. ऊसतोड सुरू झाली की फडात ससे, घोरपडी, रानमांजरांची पिल्लं सापडतात. लोक घाबरून मारतात, नाहीतर घरी नेतात. मी एका बैठकीत मजकूर लिहिला. प्रत्येक ओळीत क्रियापद, प्रत्येक क्रियापदात जोर. 'मारू नका. पळू नका. पिल्लू दिसताच उचला, सुरक्षित जागी हलवा, आम्हाला कळवा.' हिरव्या कागदावर छापलं. औसा तालुक्यात बाजाराच्या दिवशी मी स्वतः वाटलं. लोक वाचत होते, घडी करून खिशात ठेवत होते. मला फार बरं वाटलं.

औशाकडच्या वनरक्षकांना आम्ही सगळे चाचा म्हणतो. निवृत्तीला आलेला, बोलका माणूस. पत्रक वाचून ते म्हणाले होते, "बेटा, लई जोरदार हाय. जनावरं बी वाचून घाबरतील." ही स्तुती आहे असं मी धरून चालले.

जानेवारीत एका सकाळी फोन आला. औशाच्या पुढे शेती असलेले एक निवृत्त शिक्षक बोलत होते. "मॅडम, बिबट्याची तीन पिल्लं सापडलीत. तुमच्या पत्रकात सांगितलंय तसंच सगळं केलंय." बिबट्या हा शब्द ऐकून मी चाचांना फोन केला आणि त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेले.

पिल्लं गोठ्यात होती, आंब्याच्या लाकडी पेटीत, पोत्यावर. अंगावर फिकट पट्टे, डोळे नुकते उघडलेले. बाजूला बशीत गाईचं दूध. गुरुजींनी माझं पत्रक पाण्याच्या मोटारीच्या स्टार्टरच्या डब्यावर चिकटवलं होतं आणि 'उचला', 'हलवा', 'कळवा' या तीनही सूचनांपुढे पेनाने बरोबरची खूण केली होती.

चाचांनी आधी बशी उचलून बाहेर ठेवली. "गुरुजी, बिबट्या न्हाई हे. रानमांजर हाय. गाईचं दूध पाजू नका, पोट बिघडतंय."

"पण उचला असं छापलंय," गुरुजी म्हणाले. त्यांनी सकाळी नऊला पिल्लं उचलली होती. आता दुपार होत आली होती.

मी विचारलं, "आई दिसली नाही का?"

उत्तर दारातून आलं. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई पाण्याची घागर भरायला आली होती. पन्नाशीची असेल, अहमदपूरकडच्या डोंगरी गावातली. साडीवर पुरुषी शर्ट, हाताला फडक्याच्या पट्ट्या. "आई होती की. बांधाला बसून बघायली होती. म्या गुरुजीला म्हणलं, हात लावू नका. चार सऱ्या उद्यावर ठेवू, ती आपली आपली घेऊन जाती. दरसाली तसंच करतो आम्ही."

"मग?"

"मग काय. गुरुजीनं कागद वाचून दाखवला. छापून आलंय म्हणल्यावर आम्ही कोण बोलणार?"

तिने ते टोमण्यासारखं म्हटलं नाही, घागर भरता भरता म्हटलं. मला मात्र कानाखाली बसल्यासारखं झालं. छापलेला शब्द आपल्या माणसांच्या बाजूने उभा राहतो, हे ऐकत मी वाढले. माझ्या छापलेल्या शब्दाने एका कष्टकरी बाईचं तोंड बंद केलं होतं, आणि तेही ती बरोबर असताना. आम्ही याला जनजागृती म्हणत होतो. फडात आधीच कोण जागं आहे, हे मी कोणाला विचारलंच नव्हतं.

पण तेव्हा रडायला वेळ नव्हता. आई परत आली नाही तर ही तीन पिल्लं जगणार नाहीत, हे चाचांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी त्यांच्या साहेबांना फोन करून पिल्लं होती तिथे परत ठेवायची परवानगी घेतली. मी त्या ऊसतोडीच्या बाईंना विचारलं, "मावशी, नेमकी जागा दाखवता येईल?"

"ये की."

उसाच्या वाळल्या पानांचं पाचट तुडवत आम्ही गेलो. पिल्लं सापडली त्या सऱ्या सकाळीच तोडून झाल्या होत्या. तिथे फक्त बुडखे होते आणि ऊन. मला सगळी जमीन सारखीच दिसत होती. मावशींनी तुटलेल्या पाइपाच्या जोडापासून पावलं मोजली, एका ठिकाणी पायाने पाचट बाजूला केलं, आणि खाली जमिनीत दबलेला मऊ खळगा दिसला. त्यात राखाडी केस होते. "हितं."

पेटी तिथे आडवी ठेवली. मावशींनी उसाचे हिरवे शेंडे आणून वरून छप्पर केलं आणि उभ्या उसाच्या बाजूला तोंड मोकळं ठेवलं. मी विचारलं, "तिकडेच का?"

"ती तिकडूनच येणार ना. उघड्यावरून कशाला येईल?"

टोळीचा मुकादम कुरकुरला. उरलेला तुकडा दुसऱ्या दिवशी तोडायचा होता आणि गाडी ठरलेली होती. पण सूर्य कलला तसं टोळीने त्या बाजूचं काम थांबवलं आणि आम्ही सगळे तिथून निघालो.

पहाटे मी आणि चाचा परत आलो. मावशी आधीच बांधावर बसल्या होत्या, ब्लँकेट गुंडाळून. पेटीत एकच पिल्लू होतं.

माझ्या तोंडून पहिला शब्द आला तो "कुत्री?"

"गप बस, खाली बघ," मावशी म्हणाल्या. रात्री दव पडलं होतं आणि सरीतली माती ओली होती. त्यांनी बोट दाखवलं तिथे ठसे होते. एका रेषेत पेटीकडे येणारे, त्याच रेषेत परत जाणारे, पुन्हा येणारे, पुन्हा जाणारे. चाचा गुडघ्यावर बसले. "नखं बघ, बेटा. हायेत का?"

"नाहीत."

"कुत्र्याची उमटतात. मांजर नखं आत ओढून चालतंय." मग ते खुश होऊन मावशींकडे बघत म्हणाले, "तुम्हाला खात्यात घ्यायला पायजे होतं."

"तुमच्या खात्यात ऊस हाय का?" मावशी म्हणाल्या.

दोन गेली होती. तिसरं, सगळ्यात लहान, पोत्यात तोंड खुपसून बारीक आवाजात ओरडत होतं. थंडी होती. चाचा हळूच म्हणाले, "उजाडलं. आता येईल असं वाटत न्हाई. लातूरला डॉक्टरकडं न्यावं का?" माझे हात पुढे झालेच होते. आयुष्यभर शिकले होते ते हेच, की वाईट दिसलं तर काहीतरी कर. मी मावशींकडे पाहिलं.

"रडायलंय म्हंजे जीव हाय," त्या म्हणाल्या. "रडायलंय तवर तिला ऐकू जातंय. तू उचललंस की रडायचं थांबतंय. मग ती कशावर येईल?"

मी हात पाठीमागे घेतले आणि एका हाताने दुसरा धरून ठेवला. मावशी मुकादमाकडे गेल्या. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही, पण टोळी लांबच्या टोकाकडून तोडायला लागली. आम्ही तिघं बांधाआड पोटावर पडलो. कोयत्यांचा आवाज, बैलगाडीच्या साखळीचा आवाज, आणि मधूनमधून तो बारीक आवाज. पिल्लाचं ओरडणं हळूहळू विरळ झालं. एकदा मधलं अंतर इतकं लांबलं की मी मावशींकडे वळून पाहिलं. मग पुन्हा आलं, अगदी कमी.

ऊन पाचटावर आलं तेव्हा ती आली. उभ्या उसातून नाही. आमच्या मागून, ओढ्याच्या बाजूने, बांधावरून उतरून. लांब पाय, कानांच्या टोकांना काळे केस, अंगाचा रंग वाळलेल्या पाचटासारखा. ती आमच्यापासून वीस पावलांवरून गेली आणि तिने आमच्याकडे सरळ पाहिलं. पेटीपाशी थांबली. आत डोकं घातलं. मागच्या मागे बाहेर आली तेव्हा पिल्लू तिच्या तोंडात होतं, मानेला धरलेलं, चारही पाय लोंबत होते. ती जाताना धावली नाही. ओढ्याकडच्या बाभळींत शिरली.

मी वाट बघत होते ती उसाकडे जाण्याची. "तिकडे का गेली?" मी विचारलं. "ऊस तर अजून उभा आहे."

"आज संपणार की तो," मावशी म्हणाल्या. "महिना झाला, रोज आमच्याकडं बघून राहिली ती. कुठली सरी कधी तुटणार, तिला काय कळत न्हाई व्हय?"

रानमांजरी टोळीच्या चालीवरून पुढचा अंदाज बांधते का? की तो तुकडा कोयत्याच्या आवाजामुळे तिने सोडला? मी वही काढली. कोणत्या दिवशी कुठली बाजू तोडली, ती पहिल्यांदा कुठे दिसली, मावशी सांगत गेल्या तसं लिहून घेतलं. मध्येच त्या थांबल्या.

"शिकलीस किती?"

"एम.एस्सी."

"आन् नोकरी काय, नुसतं बसून बघायची?"

"हाव," मी मान डोलावली.

त्या खो खो हसल्या. चाचाही हसले. "बरी हाय की," म्हणत मावशींनी ब्लँकेटची घडी केली, कोयता उचलला आणि टोळीकडे निघाल्या. चार पावलं जाऊन वळल्या. "ती पेटी गुरुजीला दे परत. आन् ओढ्याकडं आज कुणाला जाऊ देऊ नको. तू बी जाऊ नको."