'घेऊं'वरचं टिंब

लग्नाच्या जेवणात मीठ कमी पडलं तरी टिंबकाकांना चाले, पण पत्रिकेत अनुस्वार कमी पडलेला चालत नसे. पत्रिका हातात आली की ते आधी लाल पेन्सिल काढत, मग चष्मा लावत आणि लग्न कोणाचं आहे हे सगळ्यात शेवटी पाहत. सुधारलेली पत्रिका आहेराच्या पाकिटात घालून परत करत. शेवटी आमच्या इमारतीतल्या लोकांनी त्यांना तोंडी आमंत्रण द्यायला सुरुवात केली. त्यावर ते म्हणाले, "तोंडीसुद्धा चुकतात."

सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार रद्द झाले. 'नांव'चं 'नाव' झालं, 'पांच'चं 'पाच' झालं. शाळेतल्या पोरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, काकांनी सुतक पाळलं. दिवसा ते पोटासाठी छापखान्यात टिंबं काढत आणि संध्याकाळी घरी येऊन वाण्याच्या यादीत ती परत घालत. वाणी यादी वाचण्यापूर्वी झटकून पाहायचा, म्हणे माशी बसलीय.

मी लोणी काळभोरहून लग्न होऊन या इमारतीत आले, तेव्हा पहिली गाठ जिन्यात पडली. पाणी आलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हाय की नळाला."

"हाय हा उद्गार आहे," ते म्हणाले. "चटका बसला की काढतात. पाण्याला क्रियापद लावा."

तेव्हापासून मी त्यांची लोणीकरबाई झाले. माझं आडनाव त्यांनी कधी विचारलं नाही. पण पुढच्याच महिन्यात प्रुफांचा एक गठ्ठा माझ्यापुढे टाकून म्हणाले, "दुपारभर शेजाऱ्यांच्या चुका काढण्यापेक्षा या काढा. याचे पैसे मिळतात." सहा महिने ते रोज संध्याकाळी माझ्या डोक्यावर बसले. कौतुक म्हणून चकार शब्द काढला नाही, पण एक टिंब निसटलं की असं बघत, जणू मी दूध उतू घालवलंय.

त्या काळी दर गुरुवारी टीव्हीवर एक हेरकथांची मालिका लागायची. इंग्रजांच्या अमदानीतलं पुणं, टांगे, पगड्या आणि काळ्या कोटातला एक हुशार वकील, जो पाऊण तासात खुनी शोधून देई. टीव्ही आमच्याकडे होता, त्यामुळे सगळी इमारत आमच्याकडेच. बाकीचे खुनी कोण ते बघत, काका दुकानांच्या पाट्या बघत. "खुनी सापडला हो, पण 'खानावळींत'वरचा अनुस्वार कुठं गेला?" असं म्हणून ते सगळ्यांचा विरस करत. सगळे त्यांना खुळा म्हणत. तोंडावर नाही, जिन्यात.

एकदा त्यांनी मालिकावाल्यांना अकरा पानी पत्र लिहिलं. नवल म्हणजे उत्तर आलं. पुढच्या एका भागात जुन्या वळणाचं पत्र लागणार होतं, ते काकांनीच लिहून द्यावं अशी विनंती होती. खडकवासल्याला चित्रीकरण चालू होतं. न्यायला चक्क मोटार आली आणि सगळी इमारत गॅलरीत उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांना टिंबांसाठी बोलावलं होतं. परत आल्यावर ते मला म्हणाले, "मजकूर त्यांनी तयार दिला होता. जसाच्या तसा उतरवा म्हणाले. एका 'घेऊ'वर मात्र अनुस्वार विसरले होते. मी घातला. काय लक्ष असतं हो लोकांचं."

तो भाग लागायचा होता त्या गुरुवारी काकांनी पेढे आणले. गोष्ट अशी होती की व्याकरण शिकवणारे एक मास्तर नाहीसे होतात आणि मागे पत्र सापडतं. पडदाभर काकांचं अक्षर उमटलं: 'मी स्वखुशीनें घर सोडीत आहें. माझा शोध घेऊं नये.' लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग वकीलसाहेब मास्तरांच्या पुतण्याकडे वळून गरजले, "मास्तरांसारखा माणूस 'घेऊं'वरचा अनुस्वार विसरेल? हे पत्र तुम्ही लिहिलंत!" आणि पुन्हा ते पत्र दाखवलं. टिंब जागच्या जागी, चांगलं टपोरं.

कोणाच्या काही लक्षात आलं नाही. "वा काका, तुमच्या पत्रानंच खुनी सापडला," वरच्या मजल्यावरचे जोशी म्हणाले. काकांचा चेहरा उतरला होता, पण ते मान हलवून हसले. प्रकरण तिथेच मिटत होतं. आणि मी, डोळे टीव्हीवर लावून, भाबडेपणानं बोलून गेले, "पण काका, टिंब तर हाय की."

क्षणभर कोणाला कळेना. मग जोशींना कळलं आणि मग सगळ्यांना. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. काकांनी पेढ्यांचा रिकामा पुडा घडी घालून खिशात ठेवला आणि घरी गेले. पुढे कित्येक महिने जिन्यात त्यांना कोणी ना कोणी विचारायचं, "काय हो, पुतण्या निर्दोष सुटला का?" पुण्यात विनोद एकदा लागू पडला की त्याला पेन्शन मिळते. काका गुरुवारी यायचे थांबले. पत्रिकाही जशा येत तशा ठेवून देऊ लागले.

मुलानं वाघोलीला घर बांधलं, तिकडे ते राहायला निघाले. सामान खाली गेल्यावर ते माझ्या दाराशी आले. "छापखान्यात तुमचं नाव सांगितलंय," ते म्हणाले. "माझा हात आता मध्ये मध्ये करतो. तुम्ही कागदावर आहे तेवढंच पाहता."

"काका, त्या दिवशी माझं चुकलं," मी म्हटलं.

"चुकलं कसं? टिंब होतंच," असं म्हणून ते जिना उतरले.

त्या कामावर माझं घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. त्या संध्याकाळी खोली माणसांनी भरलेली होती आणि ते टिंब फक्त दोघांना दिसलं होतं. एक गप्प बसला होता. दुसरीला बघायला त्यानंच शिकवलं होतं, आणि तिला गप्प बसता आलं नाही, याची मला अजून लाज वाटते.