बर्फातली बसफुगडी

"आय लाइक वॉचिंग," माझी नात म्हणाली. मला समजलं नसेल असं वाटून तिने ते लगेच मराठीतही सांगितलं, "आजी, मला ना, बघायलाच आवडतं."

टेकडीच्या पायथ्याशी जी मोठी खोली आहे, तिथे काचेजवळ आम्ही दोघी बसलो होतो. बाहेर तिच्याएवढी, तिच्याहून लहानही मुलं पायांना स्कीच्या लांब फळ्या लावून बर्फावरून सुळकन खाली येत होती. हिचं हेल्मेट मांडीवर, हातात गरम चॉकलेटचा पेला, आणि ते जड प्लास्टिकचे बूट तिने टेबलाखाली कधीच काढून ठेवले होते. "पायाला टोचतात," म्हणाली. बूट टोचत असतीलही. पण माझं लक्ष तिच्या त्या वाक्यावर अडकलं, कारण ते वाक्य माझं आहे.

मी ते जन्मभर वापरलं. चौथीनंतर माझी शाळा सुटली ती धाकट्या भावंडांना सांभाळायला, आणि चारचौघांत उभं राहायची सवय तिथेच राहिली. मंगळागौरीला बायका पदर खोचून खेळायला उठल्या की मी ताटं आवरायला उठायची. कुणी हाताला धरून ओढलंच तर म्हणायची, "तुम्ही खेळा, मला बघायलाच आवडतं." त्यांना ते खरं वाटलं. पुढे पुढे कुणी ओढेनासं झालं. खरं तर मला बसफुगडी फार छान यायची. उकिडवं बसून, गुडघ्यांवर हात ठेवून, एकदा हा पाय पुढे, एकदा तो, अशा उड्या मी दम लागेपर्यंत मारायची. पण खोलीचं दार लावून, एकटीच.

म्हणून त्या दिवशी चॉकलेट पिणाऱ्या आठ वर्षांच्या मुलीकडे बघून मी मनात ठरवलं, हिला हे वाक्य वापरू द्यायचं नाही.

आम्ही अमेरिकेतल्या डब्लिनला राहतो. इथे चहूकडे जमीन सपाट. ही टेकडीसुद्धा गाडीने तासाभरावर, आणि थंडी पडली तरी पुरेसा बर्फ पडेलच असं नाही, म्हणून मोठ्या पंख्यांसारखी यंत्रं लावून बर्फ उडवतात. माझा मुलगा दर रविवारी मुलीला तिथे नेतो. सून आठवड्याच्या शेवटी कामावर असते, म्हणून डबा आणि कोरडे मोजे घेऊन मी बरोबर. पहिल्या दिवसांत नात खूप हसायची. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंनी तिला सांगितलं होतं की स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवली की पिझ्झाचा तुकडा होतो, आणि वेग कमी होतो. घरी येऊन ती मोजे घालून स्वयंपाकघरात पिझ्झा करत फिरायची.

मग वर्गातल्या एका मैत्रिणीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. वाढदिवस त्याच टेकडीवर होता. सगळ्या मुली तारेला टांगलेल्या फिरत्या खुर्चीत बसून माथ्यावर जाणार आणि तिथून खाली येणार. आमची अजून पायथ्याच्या उतारावरच होती, सरकत्या पट्ट्यावरून थोडं वर जायचं आणि खाली यायचं. वळायचं म्हटलं की ती घाबरून मागे रेलायची. मागे रेललं की स्की पुढे पळतात आणि माणूस बसतो.

मुलाला घाई झाली. तो वाईट बाप नाही. नवीन नवीन इथे आला तेव्हा ऑफिसातले सगळे स्कीइंगला गेले आणि हा डोकं दुखतंय सांगून घरी बसला, हे त्याने मला एकदा सांगितलं होतं. आपल्या मुलीवर ती पाळी येऊ नये एवढंच त्याला वाटायचं. पण तो रात्री जेवताना तिला व्हिडिओ दाखवायचा आणि उतारावर तिच्यामागून ओरडायचा, "नीज् बेंड कर! पुढे बघ! वेट पुढे टाक! पुढे म्हटलं ना पिल्लू!" रविवारी सकाळी पिल्लूच्या पोटात दुखायला लागलं.

तरी आम्ही गेलो, आणि ती काचेजवळच बसून राहिली. परत येताना गाडीत ती झोपली, तेव्हा मी मागच्या सीटवरून मुलाला म्हणाले, "वाढदिवस होईपर्यंत घरी तिच्यापाशी स्कीचं काही बोलू नकोस. संध्याकाळी मी तिला खेळवते."

"आई, तुला स्कीचं काय माहीत?"

"काही नाही. मी खेळवते म्हणाले. शिकवते कुठे म्हणाले?"

तो हसला. "बरं. पण व्हिडिओ एकदम छान आहेत गं."

"तू बघ ना मग. तूही पडतोसच की."

एवढं मी कधी बोलत नाही. तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला रस्त्याकडे बघायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गालिचा गुंडाळून ठेवला आणि आम्ही दोघींनी साधी फुगडी घातली. हातांची अढी, पाय जवळ, आणि गरागरा. गुडघे बळकट होतील, तोल कळेल, असा माझा हिशेब. तिला ते इतकं आवडलं की शाळेतून आली की दप्तर टाकून ती हात पुढे करायची. "आजी, फुगरी!" शब्द तिला नवा, ती फुगरीच म्हणायची. चक्कर येऊन आम्ही सोफ्यावर पडायचो. पोटदुखीचं नाव नाही. मी मनातून खूश.

रविवारी ती आपण होऊन बूट घालून पट्ट्यावर गेली. वरून निघाली, आणि मधेच दोन्ही हात पुढे ताणून, मान मागे टाकून छान रेलली, जसं काही समोरून मी तिचे हात धरलेत. स्की सुटल्या. ती धपकन बसली आणि तशीच खालपर्यंत आली.

"आधीपेक्षा जास्त मागे जातेय ही!" मुलगा म्हणाला. "पिल्लू, असं मागे झुकायला कुणी शिकवलं तुला?"

"आजी डिड!" ती बर्फात पडूनच ओरडली. "इट्स फुगरी!"

फुगडीत मागेच रेलायचं असतं. दुसरीने धरलेलं असतं म्हणून. हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मी काचेआड असते तर तिथेच राहिले असते, पण त्या दिवशी मी बाहेर उभी होते आणि तोंड लपवायला जागा नव्हती. मुलगा हसू दाबत राहिला. मग ती हसायला लागली, मग तो, मग मी. बऱ्याच रविवारांनंतर आम्ही तिघं त्या टेकडीवर एकत्र हसलो. पण ती खाली बसूनच आली होती, आणि वाढदिवस पुढच्याच रविवारी होता.

त्या संध्याकाळी भाकरी थापताना मला सुचलं. मागे रेलायचं नाही असाही एक खेळ आहे. बसफुगडीत कुणी धरलेलं नसतं. चवड्यांवर बसायचं, गुडघे पुढे, आणि सगळं अंग एका पायावर टाकल्याशिवाय दुसरा पाय सुटत नाही. जरा मागे गेलं की पडलंच.

पिठाचे हात धुतले आणि तिला हाक मारली. माझे गुडघे आता पूर्ण वाकत नाहीत. ओट्याला धरून मी अर्धी बसले आणि पाय टाकून दाखवला. ती पहिल्यांदा बेडकासारखी उडाली आणि पालथी पडली. "पुढे पडलीस, चालेल," मी म्हणाले. "मागे नाही पडायचं." मग आठवडाभर आम्ही तेच केलं. मी टाळ्या वाजवायची, ती पाय टाकायची, या पायावर जड, त्या पायावर जड. कधी मी टाळी उशिरा वाजवून फसवायची. "आजी, चीटिंग!" म्हणून ती माझ्या अंगावर यायची. मुलगाही एकदा लॅपटॉप बंद करून आला आणि दुसऱ्याच उडीला "आई गं!" करत कंबर धरून बसला. स्कीचं नाव कुणी काढलं नाही.

वाढदिवसाच्या रविवारी आम्ही जरा लवकर पोहोचलो. मुली यायच्या होत्या. ती पट्ट्यावरून वर गेली आणि वरच थांबली. खाली येईना. मुलाने तोंड उघडलं आणि मिटलं. खुर्च्यांच्या रांगेकडे ती बघत होती. मला वाटलं, आता ती बूट काढणार, आणि खाली येऊन मला ते वाक्य ऐकवणार.

उताराच्या पायथ्याशी माणसं बरीच होती. रंगीत जाकिटांतले आईबाप, कॉफीचे पेले, फोन. मी त्यांच्यामधून पुढे गेले. मोठा कोट गुडघ्यांच्या वर खोचला, बर्फात अर्धी बसले, आणि पाय टाकला. एक इकडे, एक तिकडे. कान तापलेले मला जाणवत होते. कुणीतरी शेजारी हसलं. मी वर बघून टाळ्या वाजवल्या आणि पुन्हा पाय टाकला. बुटाखालचा बर्फ सरकला आणि मी सपशेल आपटले.

"आजीईई! पडशील!" वरून आवाज आला. मी आधीच पडले होते.

ती हसत सुटली होती. हसत हसतच गुडघे वाकवून निघाली. मी बर्फात बसल्या बसल्या टाळ्या वाजवत होते. ती या पायावर जड झाली, तिकडे वळली. त्या पायावर जड झाली, इकडे वळली. वळण काही सुंदर नव्हतं, मधे एकदा हातही टेकला. पण ती पायांवर उभी राहून माझ्यापर्यंत आली आणि पिझ्झा करून थांबली.

"यू लुक्ड सो फनी," ती म्हणाली. मी हात पुढे केला, पण तिने मला उठवलं नाही. तिकडे मैत्रिणी आल्या होत्या. "बाबा, तू आजीला उचल," म्हणून ती त्यांच्याकडे सरकत गेली, आणि खुर्चीच्या रांगेत उभी राहिली. मुलगा मला सोडून तिच्यामागे जायला निघाला, तेवढ्यात मी त्याची बाही धरली. "आधी मला उचल. मग जा, पण ओरडू नकोस." त्याने दोन्ही ऐकलं.

मी आत जाऊन काचेजवळ चॉकलेटचे दोन पेले घेऊन बसले. मग मन लागेना. पेले तिथेच ठेवून बाहेर आले. माथ्यावरून मुली एकेक करत खाली आल्या, रंगीत ठिपके. आमची सगळ्यात शेवटी, सगळ्यात हळू, उताराच्या या काठापासून त्या काठापर्यंत लांब लांब वळणं घेत. दोनदा बसली, दोनदा उठली. मागे मुलगा, गप्प.

मी हात वर करून उभी होते. तिने मला पाहिलं, ओरडून काहीतरी सांगितलं आणि न थांबता परत खुर्चीच्या रांगेकडे वळली.

आत गेले तेव्हा दोन्ही पेल्यांवर साय धरली होती. मी दोन्ही प्यायले.