तालमीतली पावडर

तालमीत लोटा फिरला की त्यात काय आहे ते विचारायचं नसतं. बदाम, खसखस, मिरी, जे काही घोटलेलं असेल ते वस्तादांनी हातात दिलं की डोळे मिटून प्यायचं. शिवाजी पेठेत वाढलेल्या माझ्या अंगात हे इतकं मुरलं होतं की पन्नाशी उलटली, कुस्ती सुटली, पोट सुटलं, तरी तालमीतल्या माणसानं दिलेलं काही तपासून बघावं असं मनात यायचं नाही. त्यापायी मी मरता मरता राहिलो.

गेल्या वर्षी माझ्या हृदयात स्टेंट बसवला. घरी सोडताना डॉक्टरांनी गोळ्यांची लहानशी डबी दिली. छातीत दुखलं की बसायचं आणि एक गोळी जिभेखाली ठेवायची. ती डबी बायकोनं आपल्या ताब्यात घेतली, ती अगदी देवघरात जातानाही कमरेला असायची. मी हळूहळू कामावर जायला लागलो, आमच्या लेथच्या वर्कशॉपमध्ये पूर्वीसारखा ओरडायलाही लागलो. फक्त नवरा म्हणून मी निकामी झालो होतो. हे लिहितानाही कान तापतात. मातीत भल्याभल्यांना आस्मान दाखवलेला गडी रात्री कुशीवर वळून झोपेचं सोंग घ्यायचा. बायको एका शब्दानं बोलायची नाही. तिच्या त्या गप्प बसण्याची मला छातीच्या दुखण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

गावात सगळे ओळखीचे. म्हणून पार मुरगूडला गेलो आणि तिथल्या औषधाच्या दुकानात 'ती' गोळी मागितली. दुकानदारानं माझ्याकडं चष्म्यावरून बघितलं.

"पावणं, हृदयाचं काय हाय का? जिभंखालची गोळी दिलीया डॉक्टरनं?"

मी मान हलवली.

"मग न्हाय द्यायचो. गोळी चांगली हाय, लई जणांचे संसार सावरलेत तिनं. तोंड लाल होतंय, डोकं ठणकतंय, नाक चोंदतंय, एखाद्याला समदं निळसर दिसतंय, तेवढं सोसता येतंय. पर ही पोटात असताना ती जिभंखाली गेली तर बीपी असं खाली येतंय की माणूस उठत न्हाय. डॉक्टरला इचारा, दुसरा इलाज असतोय."

विचारणार कसं? डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. मी तालमीतल्या जुन्या जोडीदाराकडं गेलो. तो माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाला, "इंग्रजी औषधाच्या नादाला लागू नगंस. हे झाडपाल्याचं हाय. अश्वगंधा, कवचबीज, गोखरू, शिलाजीत. साइड इफेक्टच न्हाय. दुधातनं घे." पुडीवर नाव नाही, गाव नाही. मी विचारलं नाही.

त्या रविवारी फुटबॉलची फायनल होती. पोरं मैदानावर गेलेली, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, घरात आम्ही दोघंच. जेवणानंतर मी चोरून पावडर घेतली. बायको शेंगा फोडत बसली होती. थोड्या वेळानं तोंडावर ऊब आली आणि मी मनात खूश झालो, म्हटलं लागू पडलं. मग नाक चोंदलं. डोकं ठणकायला लागलं. समोरच्या भिंतीचा पांढरा रंग निळसर दिसायला लागला आणि मला मुरगूडचा दुकानदार आठवला.

झाडपाल्यानं भिंत निळी दिसत नाही, एवढं मलाही कळत होतं. हातपाय गार पडले. त्या भीतीनं म्हणा की आणखी कशानं, छातीवर कुणीतरी गुडघा रोवून बसल्यासारखं झालं. मी भिंतीला टेकून खाली बसलो. बायकोनं एकदा बघितलं, शेंगा तशाच सोडल्या आणि कमरेची डबी काढली. गोळी तिच्या चिमटीत होती.

"आ करा."

मी तोंड घट्ट मिटलं.

"आ करा की! काय बघताय?"

तिनं दुसऱ्या हातानं माझा जबडा धरला, आमच्या लेकीला लहानपणी औषध पाजताना धरायची तसा. ती मला वाचवायला निघाली होती आणि तिच्याच हातून मी मरणार होतो. एक वाक्य बोललो असतो की सुटलो असतो, पण खरं सांगतो, ते बोलण्यापेक्षा त्या क्षणी मरण सोपं वाटलं. मग तिचा चेहरा दिसला. मी गेल्यावर ही बाई जन्मभर म्हणत राहील, 'मी गोळी दिली तरी हे गेले, मला उशीर झाला.'

"नको," मी म्हटलं. "मी पावडर घेतलीया. ताकदीची. तसली. त्याच्यावर ही दिलीस तर मी मरंन."

तिनं मूठ मिटली. पदर खोचून बाहेर पळाली आणि कुठून कोण जाणे, रिक्षा घेऊन आली.

तिनं रिक्षातनंच फोन केल्यामुळं दवाखान्यात तिचा भाऊ आमच्याआधी पोचला होता. नर्सनं विचारलं, काय काय औषधं चालू आहेत? मेव्हण्यासमोर माझी बोबडी वळली. बायको सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ह्यांनी मर्दपणाची पावडर घेतलीया. जिभंखालची गोळी दिऊ नगा." मेव्हणा वर पंख्याकडं बघायला लागला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. छातीला तारा लावल्या, दुसरी औषधं चालू केली आणि म्हणाल्या, "वेळेत सांगितलंत. अशा पुड्यांत कधी कधी तीच गोळी कुटून घातलेली असते."

दुसऱ्या दिवशी जोडीदार शहाळं घेऊन आला. ऐकून म्हणाला, "आणि चौघं घेत्यात की. कुणी काय बोललं न्हाय." मी त्याला खाटेशेजारी बसवला आणि माझ्यादेखत चौघांना फोन लावायला लावले.

तो गेल्यावर बायको बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिली.

"तुम्ही कुशीवर वळून झोपायचासा न्हवं," ती म्हणाली, "मला बरं वाटायचं."

"बरं?"

"ऑपरेशनपासनं मला लई भ्या वाटायचं. माझ्याजवळ असताना तुमचं काय झालं, तर पोरांस्नी काय सांगायचं? म्हणून मीबी झोपेचं सोंग घ्यायची."

वर्षभर आम्ही दोघं पाठीला पाठ लावून जागे होतो. मी तिला भीत होतो आणि ती माझ्यासाठी भीत होती.

भीती गेलेली नाही. डबी अजून तिच्या कमरेला असते. रात्री मी कूस बदलली की ती अंधारात विचारते, "जागं हाय न्हवं?"

"व्हय," मी म्हणतो आणि तिच्याकडं वळतो.