दाराबाहेर उभे राहणारे मास्तर

"आता सांगा, तुमी काय केलं असतं?" हे विचारताना मास्तर खडू टेबलावर ठेवत आणि दोन्ही हात कोटाच्या खिशात घालत. उत्तर मिळेपर्यंत हात बाहेर येत नसत. असा एखादा शिक्षक तुम्हीही पाहिला असेल.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. वाशीमच्या शाळेत ते इतिहास शिकवायचे, मी गणित. आमच्या वर्गांमध्ये नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती. त्यांचा तास रंगला की माझी पोरं त्रैराशिक सोडून रोमला जात.

त्यांचा लाडका धडा रोमन सुभेदाराचा. ख्रिस्ती म्हणून पकडलेल्यांना तो तीनदा विचारी, "तू ख्रिस्ती आहेस का?" तिन्ही वेळा हो म्हणणाऱ्याला मृत्यू. नाही म्हणून बादशहाच्या मूर्तीपुढे धूप टाकणारा सुटला.

"चिमूटभर धूप. बस. मंग घरी जा. सांगा, तुमी काय केलं असतं?"

पोरं मोठ्या आवाजात मरायला तयार होत. एकदा इंझोरीची एक मुलगी उठून म्हणाली, "म्या टाकला असता, सर. घरी माय वाट पाह्यते." वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.

सुट्टीत ते मला म्हणाले, "पोरीनं बरोबर उत्तर देलं. मीबी टाकूनच राह्यलो, चार वर्षांपासून."

तेव्हा मला कळलं. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको मिशनच्या दवाखान्यात विषमज्वरानं गेली. शेवटपर्यंत तिची सेवा करणाऱ्या नर्सबाईंच्या प्रार्थनेत मास्तर जाऊन बसू लागले, आणि हळूहळू ख्रिस्तावर त्यांची श्रद्धा जडली.

"मग सांगून टाका ना."

"कोनाले? आसेगावात माय आहे, माह्या हातचं पानी सोडन. पोरीचं लगीन किन्हीराजा गावाले जमून राह्यलं, ते मोडन."

कुजबुज मात्र गावी पोचलीच. त्यांचे मोठे भाऊ शेती पाहत. एका दुपारी ते धुळीनं माखलेल्या धोतरानिशी शिक्षकांच्या खोलीत आले आणि माझ्यासमोरच म्हणाले, "तू किरिस्ताव झाला काय?"

"नाही, दादा."

"मायची आन?"

"नाही झालो."

"पक्कं?"

मास्तरांचे हात खिशात होते. "नाही म्हटलं ना!"

भावाचा चेहरा उजळला. मायनं दिलेला लाडवांचा डबा ठेवून ते गेले. मास्तरांनी एकही लाडू तोंडात घातला नाही. मी आणि शिपायानं ते संपवले.

तो धडा मास्तरांनी पुन्हा शिकवला नाही. "तुमी घ्या तो तास," म्हणाले. मी घेतला, पण माझ्या हातून रोमचंही त्रैराशिकच झालं.

रविवारी ते मिशनच्या प्रार्थनाघरापर्यंत जात आणि बाहेर कडुलिंबाखाली उभे राहत. एकदा मी सोबत होतो. पाद्रीबाबा हाताला धरून आत नेऊ लागले, तर त्यांनी हात सोडवून घेतला.

परतताना म्हणाले, "रोमच्या राज्यात जे नाही म्हणून सुटले, त्याहिले ख्रिस्ती मंडळीनं लगेच परत नाही घेतलं. वर्षानुवर्षं दाराबाहेर रडत उभं राहा लागे. मी तं आत्ताच उभा राह्यलो."

पोरीचं लग्न झालं. दोन वर्षांनी माय गेली. मला वाटलं, आता हा माणूस सुटला.

"आता कोणाची भीती?" मी विचारलं.

"दादाची. त्याले माह्याशिवाय कोनी नाही. आन् मी त्याच्या तोंडावर खोटं बोललो."

त्या उन्हाळ्यात ऊन लागून मास्तर दोन दिवसांत गेले. आसेगावला भावानंच अग्नी दिला.

शाळा उघडल्यावर भाऊ त्यांचं सामान न्यायला आले. कपाटात, जुन्या उपरण्यात गुंडाळलेलं एक छोटं पुस्तक निघालं. बायबलातला नवा करार.

"हे कायचं पुस्तक, गुरुजी?"

"इतिहासाचं," मी म्हणालो.

त्यांना वाचता येत नव्हतं. ते उपरण्याच्या घड्यांकडे पाहत राहिले.

"इतिहासाचं असतं तं लपवलं कायले असतं?" ते बाकावर बसले. "त्या दिशी माय जित्ती होती, म्हणून मले 'नाही'च आयकायचं होतं. माय गेल्यावर मी वाट पाहून राह्यलो होतो, का आता हा सांगन. हो म्हणला असता, तं म्या त्याले तोडलं असतं काय?"

त्यांनी धोतराच्या सोग्यानं पुस्तक पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"वाचून दाखवा थोडं."

तासाची घंटा झाली होती. मी दार लोटलं आणि त्यांच्या शेजारी बसून पहिलं पान उघडलं.