मुखवट्याचं माप

गिरगावातली जुनी नाटकगृहं पायी दाखवणाऱ्या फेरीला मी डहाणूहून गेलो होतो. त्यात उधव्याकडचे एक साठीचे शेतकरी होते. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं. आमच्यापैकी बरेच जण किती नाटकगृहं पाडली याचा हिशोब करत हळहळत होते. हे मात्र जिथे पूर्वी रंगमंच होता तिथे, आता दुकान असलं तरी, चपला काढून उभे राहायचे.

माहिती देणारी मुलगी म्हणाली, “तेव्हा बायकांची कामंही पुरुषच करायचे.”

“आमच्या बोहाड्यात अजून तसंच हाय,” ते मला म्हणाले.

बोहाडा म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा गावाचा उत्सव. देवीचं सोंग पिढ्यान्‌पिढ्या यांच्या घराकडे. आता गुडघ्यामुळे त्यांना नाचवत नव्हतं, मुलगा नव्हता. मुलगी तयार होती, पण गाव नको म्हणत होतं. सोंग यंदा बंद पडायच्या बेतात होतं.

त्यांनी माहिती देणाऱ्या मुलीला विचारलं, “बाय, पयली बाई उभी रायली, तवा लोकांनी काय केलं?”

“काहींनी नावं ठेवली, काका. पण तिकीट काढून बघायलाही आले.”

ते खळखळून हसले. “आमच्याकडं तिकीटपण नाय. फुकट नावं ठेवतील, फुकट बघतील!”

मग तिथेच अनवाणी उभ्या उभ्या त्यांनी आपल्या मुलीला फोन लावला.

“गावाशी मी बोलतो. तू मुखवटा खाली काढ. माझ्या मापाचा हाय तो. आतून फडकं लाव, म्हणजे तुला बसंल.”